एकच गोळी सुटली होती

कोणी काही विचारलं की हवालदार आधी उजवा कान पुढं करीत, मग मागं वळून बघत आणि मगच बोलत. डावा कान आफ्रिकेतल्या लढाईत तोफेच्या आवाजानं गेला होता. मागं वळून बघण्याची सवय मात्र लढाईतली नव्हे. ती त्यांना आमच्या गावात, कडेगावच्या अलीकडं, आपल्याच माणसांत लागली.

त्याआधीचे हवालदार तुम्ही बघायला हवे होते. माझं घर आणि त्यांचं घर यांत एकच भिंत. दर शनिवारी ते शाळेत येऊन माझ्या मुलांची कवायत घेत. "छाती फुडं! दम सोडू नगा!" डाव्या हाताची रांग खुशाल खिदळायची, कारण तिकडचं त्यांना ऐकू येत नसे. एकदा मी मुलांना रागावलो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मास्तर. डावी फळी लय हुशार हाय. दुश्मनाची कमजोरी वळखलीय तिनं."

कान गेल्यावर पलटणीनं त्यांना आघाडीवरून काढलं आणि आमच्या माळावरच्या छावणीत पहाऱ्यावर नेमलं. तारेचं कुंपण, तंबू-घोंगड्यांची कोठारं आणि एका खोलीत बंदुका. जोडीला बिरा नावाचा माणदेशातला शिपाई होता. मेंढरामागं वाढलेला, अबोल. तो नेहमी हवालदारांच्या उजव्या बाजूनं चाले. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "तिकडनं बोलल्यालं कळत न्हाई त्यास्नी." एवढंच.

ते चळवळीचे दिवस होते. भूमिगत पोरं रेल्वेचे रूळ उखडत होती, पोलीस गावं पिंजून काढत होते. बोलायचं म्हटलं तरी माणूस आधी दार लोटून घेई.

वैशाखात एका दुपारी माळावर अशी धूळ उठली, की चार हातांवरचं दिसेना. त्या धुळीतच पोरांनी छावणी मारली. बंदुका गेल्या आणि बिरा मेला.

दुसऱ्या दिवसापासून गावात तीन गोष्टी फिरू लागल्या. छावणीचा गोरा साहेब म्हणाला, शंभर माणसं चालून आली, तासभर गोळीबार झाला आणि बिरा लढता लढता पडला. भूमिगतांचं गुपचूप छापलेलं पत्रक आलं. त्यात लिहिलं होतं, की आमचे पाच वीर छावणीत घुसले आणि आडवा आलेला सरकारचा गुलाम लोळवून आले. पाणवठ्यावर तिसरंच चाललं होतं. हवालदारांनीच फाटक उघडलं आणि बिऱ्यानं बघितलं म्हणून त्याला मारला.

हवालदार तिन्ही गोष्टी ऐकत आणि गप्प राहत. पोलिसांची मोटार गल्लीत थांबली की मला भिंतीपलीकडून त्यांच्या येरझाऱ्या ऐकू येत. रस्त्यात लोक बोलणं तोडून त्यांच्याकडं बघत. ते पुढं गेले की कोणीतरी खाकरे आणि ते वळून बघत. तेव्हापासून ती सवय लागली.

आठवड्यानं पोलिसांनी आमच्या गल्लीतल्या नामाला धरला. तालमीतला पोरगा. त्याच्या घरात छावणीतलं घोंगडं सापडलं होतं. बिराचा खून त्याच्यावर लावला. नामाची आई हवालदारांच्या उंबऱ्यावर येऊन बसली. ती रडली नाही की बोलली नाही. सकाळी येई, उन्हं उतरली की उठून जाई. चौथ्या दिवशी हवालदार शाळेत आले. रविवार होता, वर्ग रिकामा होता.

"मास्तर, जबाब लिवायचाय. हळू लिवा, मला हळूच सांगता येतंय."

मी दौत-टाक काढला. ते मुलांच्या बाकावर बसले. मागं बघितलं. मग म्हणाले, "लिवा. त्या दिवशी एकच गोळी सुटली. ती माझी."

मी उठून दार लोटून घेतलं.

"चौघं व्हती. तोंडाला फडकी. मला खाली पाडून चाव्या घेतल्या. बंदुका उचलून निगाली तवा मी उठलो, धुळीत पडल्याली माझी बंदूक घेतली. धुळीत कायबी दिसंना. डाव्या अंगाला एक माणूस हालला. मी दोनदा हाळी दिली. जबाब आला न्हाई. मी मारली."

"बिरा?"

"त्यो वरडत आला असंल, मास्तर. हवालदार, मी हाय, असं म्हनला असंल. नेमका डाव्या अंगानं आला."

बाहेर कोणाची तरी पावलं वाजली. पावलं गेल्यावर मी हळूच म्हणालो, "हे लिहायला सांगू नका. दिसलं नाही, ऐकू आलं नाही, एवढंच सांगा. तुम्हाला कोण खोटं पाडणार?"

"मग नामाच्या गळ्याला दोर लागंल."

"आणि तुमच्या?"

"ते बगू. फुडं लिवा. लगीच गेला न्हाई त्यो. ट्रक येईस्तवर माझ्या मांडीवर व्हता. पानी मागितलं. मी पाजलं. बायकूचं नाव घेतलं. मग माझ्याकडं बघून म्हनला, हवालदार, तुमाला लागलं न्हाई न्हवं?"

हे सांगताना ते रडले नाहीत. बाकाची कड मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

जबाबाखाली लिहिणाऱ्याची सही लागते. मी टाक हातात धरून बसून राहिलो. नोकरी दिसत होती, घरातली दोन लेकरं दिसत होती. हवालदारांनी कागद माझ्यासमोरून ओढून घेतला. "ऱ्हाऊ द्या. लिवनार सापडला न्हाई म्हनून सांगतो." मी सही केली नाही. तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं, मला ठाऊक नाही. मी काय केलं तेवढं ठाऊक आहे.

साहेबाला तो जबाब नको होता. त्यात त्याचे शंभर हल्लेखोर चारच उरत होते. भूमिगतांनाही तो नको होता. एका दुपारी दोन अनोळखी माणसं येऊन हवालदारांना सांगून गेली, की पत्रकात छापलंय तेच खरं, जास्त बोललात तर तळपायावर काठ्या बसतील. तरी हवालदार साताऱ्याला गेले आणि कोर्टात उभे राहून अक्षर न अक्षर तेच बोलले. बिराच्या अंगातून निघालेली गोळी त्यांच्याच बंदुकीची ठरली. नामावरचा खून उतरला, चोरीची शिक्षा राहिली. हवालदारांची पलटण गेली, बिल्ले गेले आणि वर्षभर तुरुंग झाला.

सुटून आले तेव्हा खांद्यातून वाकले होते. कवायत घ्या म्हणून मी किती विनवलं, आले नाहीत. दर वैशाखात मात्र फडक्यात भाकरी बांधून चार दिवस कुठंतरी जात. विचारलं तर म्हणत, "पूर्वेला."

देश स्वतंत्र झाला आणि शाळेच्या पटांगणात सत्कार ठरला. नामा आता मोठा माणूस झाला होता. त्यानं हवालदारांना हाताला धरून व्यासपीठावर बसवलं. वक्त्यानं आवाज चढवला, "ह्या वाघानं गोऱ्यांच्या छावणीत राहून गोऱ्यांचाच पहारेकरी टिपला!" टाळ्या पडल्या. हवालदार उठले.

"खोटं हाय," ते म्हणाले. "मी त्याला मुद्दाम मारला न्हाई. त्यो गुलाम नव्हता. माझा जोडीदार व्हता."

नामानं त्यांचं धोतर ओढलं. "बसा तात्या. चांगलंच बोलत्यात तुमच्याबद्दल."

"माझ्याबद्दल चांगलं आन त्याच्याबद्दल वाईट, असं कसं चालंल गड्या?"

कोणीतरी ओरडलं, "म्हातारा बिथरलाय!" हार तिथंच ठेवून ते पायऱ्या उतरले. मी पहिल्या ओळीत बसलो होतो. मी उठायला हवं होतं. उठलो नाही.

पुढल्याच थंडीत ताप डोक्यात जाऊन ते वारले. खांद्याला नामाही होता. त्याचं मन खात असावं, कारण दहाव्यापर्यंत तो रोज येत होता.

वैशाख लागला तसा मला घरात चैन पडेना. पत्ता विचारत विचारत मी माणदेशात गेलो. एका उघड्या माळावर मेंढरांचा वाडा आणि खोपट. बिराची बायको उन्हात लोकर पिंजत बसली होती. मी कोण ते सांगितलं, हवालदार गेल्याचं सांगितलं. तिनं हातातलं काम खाली ठेवलं.

"तरीच," ती म्हणाली. "काल तिथ होती. वाट बघितली मी."

मग कळलं. तुरुंगातून सुटल्यावर ते पहिल्यांदा आले, तेव्हा तिनं त्यांना दगड मारले होते. ते हलले नाहीत. सगळं सांगून झाल्यावर गेले. पुढल्या वर्षी पुन्हा आले, तेव्हा तिनंच बसायला घोंगडं टाकलं आणि म्हणाली, पुन्यांदा सांगा.

"सरकारी मानूस येऊन म्हनला, लडत मेला. चळवळीची मान्सं म्हनली, गद्दार व्हता. माझा मालक कसा गेला ते त्या एकाच मान्सानं सांगितलं. आता तुमी सांगा मास्तर. तुमाला ठावं हाय न्हवं?"

मी सांगू लागलो. धूळ, चौघं, हाळी. "मग बिरानं तुमचं नाव घेतलं, पाणी मागितलं—"

"न्हाई," तिनं मला थांबवलं. "पानी आदी. मग माझं नाव."

"होय. चुकलो."

"मग पयल्यापास्नं सांगा."

तिनं लोकर बाजूला सारली, पदर सावरला. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.