गव्हावरची गोळी

माझ्या आजारावर औषध नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरी औषधं सांगणाऱ्यांची रीघ लागली. औषध असतं तर एकाच कागदावर लिहून झालं असतं. नसल्यामुळे किस्से साठत गेले.

आजार एवढाच, की मला गहू चालत नाही. पोळी, रवा, मैदा, बिस्किट यांतलं काहीही पोटात गेलं की आतडं सुजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. हे समजायला मुंबईला जाऊन दोऱ्याला बांधलेली धातूची कुपी गिळावी लागली होती. ती पोटात उतरेपर्यंत मी आईचा हात इतका आवळला होता, की तिच्या बांगड्या फुटल्या. जळगावच्या डॉक्टरांनी वैशाखात सांगितलं, "गहू जन्मभर बंद. तीन महिन्यांनी वजन करू. एकतीसचं चौतीस झालं नाही, तर पुन्हा मुंबई, पुन्हा तपासणी."

तेव्हापासून माझ्या डोक्यात चौतीस हा एकच आकडा होता. बाकीच्यांच्या डोक्यात औषध होतं.

सगळ्यांत पुढे धुळ्याचे नाना, म्हणजे पप्पांचे काका. त्यांनी पेपरात वाचलं, की परदेशात गव्हावरची गोळी शोधताहेत. गोळी घ्यायची आणि खुशाल गहू खायचा. ते कात्रण खिशात घालून नानांनी धुळ्यातली झाडून सगळी मेडिकल दुकानं पालथी घातली. एका दुकानदारानं सांगितलं, की अशी गोळी अजून निघालेली नाही. नाना म्हणाले, "निघाली की पहिलं पाकीट आमचं. नाव लिहून ठेवा." त्यानं खरंच लिहून ठेवलं.

मग नाना जळगावात मेहरूणला आमच्या घरी आले आणि दवाखान्यात जाऊन त्यांनी कात्रण डॉक्टरांपुढे ठेवलं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, की पोटात गेलेला गहू बाधायच्या आत त्याचे बारीक तुकडे करील असं काहीतरी शोधताहेत, पण हाती लागलेलं नाही. नानांनी यातलं पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं दवाखान्यातच सोडलं. कच्च्या पपईनं मटण विरघळतं, मग गहू का नाही? त्यांनी पपईचा चीक वाटीत काढला आणि आईला कणकेची एक बट्टी करायला लावून ती त्यात बुडवली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे त्या वाटीभोवती. बट्टी होती तशीच राहिली.

नाना जराही खचले नाहीत. म्हणाले, "बट्टी धुळ्याच्या पद्धतीची, पपई जळगावची. ती काय विरघळवणार?"

पुढच्या खेपेला त्यांनी एका वैद्यबुवांच्या गोळ्या आणल्या. गहू पचवणाऱ्या. रोज दोन, उपाशीपोटी. चार दिवसांत माझं पोट नगाऱ्यासारखं झालं. आईनं गोळी फोडून पाहिली, जिभेला लावली आणि नानांना विचारलं, की ही वळली कशात? नाना म्हणाले, "कणकेत. त्याशिवाय चूर्ण धरून कसं राहील?"

नानांच्या पत्नी अक्का औषधांच्या भानगडीत पडत नाहीत. त्या थेट खायला घालतात. उन्हाळ्यात त्यांनी माझ्यासाठी डबाभर कुरडया पाठवल्या. आईनं परत पाठवल्या, तर अक्का डबा घेऊन स्वतःच आल्या आणि ओट्यावर आपटून म्हणाल्या, "तीन दिन पानीमा भिजाडेल शे. बठ्ठा गहू निंघी गया. आते त्यामा काय शे?" म्हणजे भिजवून सगळा गहूच निघून गेला, आता त्यात आहे काय!

आई फार चिडली की भांडी घासायला बसते. त्या दिवशी तिनं घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

चक्कीवाल्या भाऊंना तर नावं ठेवायचीही सोय नाही, कारण ते मायेनं वागले. आईनं त्यांना बजावलं होतं, की ज्वारी सगळ्यांत आधी दळा, गव्हाचा कणही लागायला नको. भाऊंनी पहाटे चक्की उघडली, आमची ज्वारी पहिली घेतली आणि पीठ देताना आनंदानं सांगितलं, "काल शेवटी हरभरा दळला होता. पोरीच्या पिठाला वास नको, म्हणून आधी मूठभर गहू सोडून दगड साफ करून घेतले."

त्यानंतर आई घरीच जात्यावर दळायला लागली. माझं वजन बत्तीस झालं, तेहतीस झालं आणि तिथेच अडून बसलं.

श्रावणात धुळ्याला नानांकडे कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसली. रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात. ते रोट घरच्यांनीच खायचे. बाहेर द्यायचे नाहीत, उरवायचे नाहीत. दोनच दिवसांनी माझं वजन होणार होतं, आणि अक्कांनी माझ्या ताटात रोट वाढला. आई म्हणाली, तिला नको. अक्का म्हणाल्या, देवीचा प्रसाद कुणाला बाधत नाही. नाना म्हणाले, हेच खरं औषध. सगळी पंगत माझ्या हाताकडे बघत होती. मला ती दोऱ्याची कुपी आठवली.

मी चारचौघांत बोलत नाही. पण बोलले. "अक्का, माझ्या नावाची मूठ टाकलीच नाही ना?"

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या, मग स्वतःच्या ताटाकडे. "मन्हा नावनी तरी कोठे शे, पोरी?" त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी माझा रोट उचलला, स्वतःचा उचलला, आईचाही उचलला आणि तिन्ही नानांच्या ताटात ठेवले. "ज्यास्ना नावनी मूठ शे, त्याच खातीन."

उरवायचं तर नव्हतंच. नाना दोन दिवस खात होते.

तिसऱ्या दिवशी ते आमच्याबरोबर जळगावला दवाखान्यात आले. काटा चौतीसच्या थोडा पुढे जाऊन थांबला. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. मग नाना कण्हत टेबलावर आडवे झाले. डॉक्टरांनी त्यांचं पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "आठ दिवस गहू बंद. ज्वारीची भाकरी खा."

नानांनी खिशातलं कात्रण चाचपलं आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, याच्यावर काही गोळी नाही का?"