नाव घ्या की, बाई

"नाव घ्या की, बाई!"

हवालदार ओरडला आणि पोलीस कचेरीतली सगळी टेबलं हसली. मी फरशीकडे बघत उभी. पोट दिसू लागलेलं. शेजारी सासू, माझा हात घट्ट धरून.

साहेबांनी विचारलं होतं एवढंच, नवऱ्याचं नाव काय? मी गप्प राहिले. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. शुक्रवार पेठेतल्या हिंदू शेजारणीही घेत नाहीत. त्या खोलीतल्या एकाही पुरुषाची बायको घेत नसणार. तरी साहेब म्हणाले, "बघा, नवऱ्याचं नाव सांगता येईना. लग्न कसलं, हितं राहायचं सोंग हाय हे."

मी कराचीची. बाप सोलापूरचा, फाळणीत तिकडे गेला. एकाहत्तरच्या लढाईत बंद पडलेली वाट पुन्हा उघडली, तशी मी आत्याच्या मुलाशी निकाह करून इथे आले. भारतीयाची बायको म्हणून मला नागरिकत्व मागता येतं. पण लग्न खरं आहे, असा शेरा याच साहेबांनी द्यायचा. नाही दिला, तर पोटातल्या बाळासकट परत.

"बोल दे गे बेटी," सासू पुटपुटली. "नहीं तो भेज देंगे तेरे कू."

हवालदाराला चेव आला. "तसं नाय जमायचं. उखाण्यात घे." उखाणा म्हणजे काय, मला ठाऊक नव्हतं. त्यानेच जुळवला आणि तुकड्या-तुकड्याने माझ्याकडून वदवून घेतला:

कराची सोडली, धरली सोलापूरची वाट,
अमुकरावांच्या जिवावर भरतं माझं ताट.

अमुकच्या जागी मी नाव घेतलं. टाळ्या पडल्या. "पुन्हा! मोठ्यानं!" मी पुन्हा म्हटलं. मराठी तेव्हा येत नव्हती; कोण काय म्हणालं, ते सासूने नंतर समजावलं. अर्थ कळत नव्हता. हसण्याचा अर्थ कळत होता.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो गिरणीत मागावरचा साचेवाला, युनियनचा माणूस. आमच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे असत. त्याने समोरचा गठ्ठा बांधून ठेवला. मग म्हणाला, "कागज हाथ में आने दे. तब तक चुप बैठ."

मी चूप बसले आणि ती पत्रकं वाचायला लागले. शेजारच्या मास्तरीणबाईंनी अक्षरं ओळखीची करून दिली. माझी मराठी त्या गठ्ठ्यांतून आली. भाजी मागायच्या आधी मला निषेध करता यायला लागला. गिरणीच्या फाटकावर ताठ उभं राहा, असं त्यांत छापलेलं होतं. कचेरीत बायकोने वाकावं, असं कुठेच नव्हतं.

परक्या देशाची म्हणून मला ठरावीक दिवसांनी कचेरीत हजेरी द्यावी लागे. पुढच्या हजेरीला तिथे मोठे साहेब आलेले. हवालदार पुढे झाला. "सायेब, ह्या बाईचा उखाणा ऐका की. लई भारी घेती."

सासूने माझा हात दाबला. मी हात सोडवला.

"माझ्या नवऱ्याचं नाव रसूल," मी म्हटलं. "उखाणा मी घेणार नाही. मागच्या वेळी इथे माझा जो अपमान झाला, त्याचा मी जाहीर निषेध करते."

"आयला, पत्रक बोलतंय!" हवालदार खिदळला. बाकीचेही हसले. मी थांबले. हसणं संपेपर्यंत थांबले. मग हवालदाराकडे बघून विचारलं, "तुमचं नाव सांगा. तक्रारीत घालायचं आहे."

त्याने नाव सांगितलं नाही. बाईने नाव न घेणं सोंग होतं. त्याने न सांगणं रुबाब.

मोठे साहेब म्हणाले, "हिला बाहेर काढा." काढलं. जिन्यात सासू रडत म्हणाली, "क्या कर दी गे तू!"

शेरा वाईट गेला. अर्ज पडून आहे, निकाल लागेपर्यंत नुसती हजेरी. मुलगी झाली, ती या देशाची. मी अजून परकी. नवरा माझ्याशी मोजकं बोलतो. आजही पत्रकं आणतो, गठ्ठा माझ्यासमोर ठेवत नाही.

परवा पुन्हा हजेरी. मुलीला कडेवर घेऊन जाणार. नाव विचारलं तर सांगेन, एकदाच, सरळ. तो उखाणा मात्र या तोंडातून पुन्हा निघणार नाही. मला घालवायचं असेल तर त्यांनी फरफटत न्यावं, भर रस्त्यावरून, सगळ्या पेठेसमोर. त्यांना हसवून मी इथे राहणार नाही.