माय आता शुद्ध बोलते

माझी माय नेरला एकटी राहते. तिनं सत्तावीस वर्षं अंगणवाडी चालवली. गावातल्या निम्म्या पोट्ट्यांना पहिलं गाणं तिनं शिकवलं. बाबा गेल्यावर मी तिला यवतमाळला घेऊन यायचं पाहिलं, पण ती घर सोडायला तयार नव्हती. मी इथं एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि बॅनरचं डिझाइन करते. दर रविवारी जाणं जमत नाही. म्हणून तिच्या सोबतीला मी एक बोलणारा स्पीकर घेऊन दिला. आवाज दिला की गाणी लावतो, वेळ सांगतो, असा.

पहिल्याच दिवशी माय त्याच्यासमोर मांडी घालून बसली. मी मजा म्हणून मोबाइल धरला.

"काहून वं, आज नळ येते का?" तिनं विचारलं.

"माफ करा, मला समजलं नाही," स्पीकरमधली बाई म्हणाली.

"अवं, नळ! नळ येते का म्हून इचारून राह्यली मी."

"माफ करा, मला समजलं नाही."

माय जरा पुढं सरकली. अंगणवाडीत नव्या पोराशी बोलायची त्या आवाजात म्हणाली, "माफी कायले मांगतं बाप्पा? समजून घे न!"

आम्ही दोघी हसून हसून लोळलो. यवतमाळला परत येताना एसटीतच मी तो व्हिडिओ नेटवर टाकला. तिला विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे, असं वाटलंच नाही मला. आपली माय, आपला मोबाइल.

पहिले तीन-चार दिवस फार गोड गेले. "आमची आजी अशीच बोलते" असं कुठकुठून लोक लिहीत होते. त्या आनंदात मी तिच्या चेहऱ्याचं स्टिकर केलं. केसांच्या कडा नीट कापल्या, कानातल्या फुलाची चमक राखली, खाली पिवळ्या अक्षरांत 'समजून घे न!' लिहिलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. इतकं मन लावून मी कुठली पत्रिकाही केली नव्हती.

पंधरा दिवसांत ते स्टिकर माझ्याच छापखान्याच्या मालकानं मला पाठवलं. ती माझी आई आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तिच्या वाक्यावर कुणीतरी ढोलताशा चढवून गाणं केलं होतं. एका पोरानं नऊवारी गुंडाळून, पुढचे दात काळे करून तिची नक्कल केली होती. माझ्या मायचे दात सगळे शाबूत आहेत आणि ती जन्मात नऊवारी नेसली नाही. पण दुसऱ्याचं बघून तिसरा, असं करत सगळे तिला काळ्या दातांचीच करायला लागले.

नेरच्या बाजारात एका भाजीवालीनं तिला ओळखलं. "तुमीच न त्या? एकडाव म्हणून दाखवा न, मावशी." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मायनं हसून म्हणून दाखवलं. म्हणेपर्यंत चार मोबाइल वर झाले होते. हे तिनं मला फोनवर सांगितलं, तेव्हाही ती हसत होती. जरा कमी.

मग व्हिडिओखालचं लोकांचं लिहिणं बदललं. ही कुठली मराठी, असल्या अडाणी बायांना कुणी मोबाइल दाखवला, असं सुरू झालं. व्हिडिओत मायच्या पाठीमागे भिंतीवर बुद्धाची मूर्ती आणि निळ्या कोटातली तसबीर दिसते. ती पाहून काही जणांनी जे लिहिलं, ते मी इथं लिहिणार नाही. मी माझा व्हिडिओ काढून टाकला. त्यानं काही झालं नाही, तो आता शेकडो लोकांकडे होता. तक्रारी केल्या. यात आमच्या नियमांचा भंग होत नाही, असं उत्तर आलं.

तिला यातलं काही कळणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पुढच्या खेपेला गेले तर ती चष्मा लावून मोबाइल पाहत बसली होती. मी म्हटलं, "माय, हे नको वाचू."

"काहून? वाचता येते मले," ती म्हणाली. "सत्तावीस वर्सं रजिस्टर लिवले म्या. तुले काय वाटलं, मायले समजत नाही?"

मी माफी मागायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तो शब्दसुद्धा त्या व्हिडिओत जाऊन बसला होता.

दर पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर माय दहा मिनिटं बोलायची. कागद न घेता. पोरींचं शिक्षण, लेकरांचं खाणं, घरातली दारू, काहीही. बाया तेवढ्यासाठी थांबायच्या. त्या पौर्णिमेला मी सोबत होते. ती उभी राहिली, "मले आज इतकंच सांगाचं आहे" म्हणाली आणि मागून कुणीतरी खुदकन हसलं. दोन कॉलेजच्या पोरींनी मोबाइल धरले होते. मायनं त्यांच्याकडे पाहिलं. वाक्य तिथंच सोडलं आणि खाली बसली. कुणी आग्रह केला नाही. बायांना वाटलं, तिला बरं नाही. पुढच्या पौर्णिमेला ती गेलीच नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

त्यानंतर एक दिवस फोन केला तर पलीकडून आवाज आला, "मी बरी आहे. तू कशी आहेस?" मला वाटलं, चुकीचा नंबर लागला.

तेव्हापासून ती अशीच बोलते. मले नाही, मला. शब्द शोधत, सावकाश, परीक्षेला बसल्यासारखी. हे वाक्य बरोबर झालं का, असं तिच्या डोळ्यांत दिसतं. मी घरात शिरले की माझ्या हाताकडे पाहते. मी मोबाइल बंद करून तिच्यासमोर कपाटात ठेवते, तरी बोली परत येत नाही. मी मुद्दाम आपल्या भाषेत बोलते, "काय करून राह्यली वं माय?" ती म्हणते, "स्वयंपाक करते आहे."

मागच्या महिन्यात मी एक वेडेपणा केला. गॅसवर दूध होतं, माय अंगणात कपडे वाळत घालत होती. दूध वर यायला लागलं आणि मी शेगडीजवळ नुसती उभी राहिले. लहानपणी असं झालं की ती मला अशा शब्दांत झोडायची की शेजारच्या घरापर्यंत ऐकू जायचं. तेवढंच मला ऐकायचं होतं. दूध उतू गेलं, ओट्यावरून खाली जमिनीवर सांडलं, जळल्याचा वास घरभर झाला.

माय धावत आली. गॅस बंद केला. सांडलेल्या दुधाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचे ओठ हलले, मला वाटलं आता येईल.

"हरकत नाही," ती म्हणाली. "मी पुसते."

आणि फडकं घेऊन ती खाली बसली.