वडूजचा फ्लाइंग सूट आणि आष्ट्याच्या आक्का

लोकांना वाटतं संग्रहालयात वस्तू साठतात. कसल्या वस्तू! वस्तू मोजक्याच येतात, किस्से मात्र टेम्पो भरून येतात. साताऱ्यात आमच्या दोन खोल्या आहेत. युद्धात विमानं उडवलेल्या आपल्या भागातल्या माणसांची लॉगबुकं, पत्रं, आठवणी आम्ही तिथे जपतो. आम्ही म्हणजे मी आणि हवाई दलातून निवृत्त झालेले माने साहेब.

आष्ट्याच्या आक्का दर महिन्याला एसटीने येतात. धाकटा भाऊ दत्ता एकाहत्तरच्या युद्धात विमान घेऊन गेला, तो परतलाच नाही. दारातूनच विचारतात, "त्याच्यासंगं असलेलं कोन गावलं का रं?" त्या पंच्याऐंशीच्या आहेत. "नाही" म्हणताना माझा जीव तुटतो.

वडूजला एका काकूंकडे नवऱ्याचा फ्लाइंग सूट असल्याचं कळलं. गेलो, तर सूट शाळवाच्या पिकात उभा! बुजगावणं! वर मडकं, छातीवर वैमानिकाचा विंग्सचा बिल्ला. साहेबांनी आधी सॅल्यूट ठोकला, मग सूट मागितला.

काकू म्हणाल्या, "न्या की. पर पाखरं कोन हाकलनार? तुमी थांबताय का?"

साहेबांनी अंगातला सफारी काढून दिला आणि साताऱ्यापर्यंत बनियनवर आले. आठवड्याने काकूंचा फोन, "आवं, ह्याला पाखरं भीत न्हाईत. दुसरा द्या!" मी हसलो म्हणून साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तासगावला पॅराशूट मिळालं, बेदाण्याच्या शेडवर सावलीला बांधलेलं. मालक दिलदार, लगेच सोडून दिलं. काचेच्या कपाटात ठेवलं, तर चार दिवसांत मुंग्यांची रांग! पुण्याच्या तज्ज्ञांनी विचारलं, "कापडावर कोणतं रसायन आहे?"

साहेबांनी कोपरा चाटला आणि लेखी कळवलं, "गोड आहे."

एका घराने लॉगबुक दिलं, पण अट घातली की खंडेनवमीला पूजेसाठी परत पाहिजे. त्यामुळे ते दरवर्षी दोन दिवस सुट्टीवर जातं. साहेब त्याचा रजेचा अर्ज स्वतः लिहितात आणि स्वतःच मंजूर करतात! परत येतं तेव्हा आणखी एका पानावर हळदकुंकू असतं. निम्मी उड्डाणं त्याखाली गेलीत.

मग गेल्या महिन्यात सांगलीचे कदम काका सापडले. दत्ताच्या तळावर ते विमानांशी बोलायला रेडिओवर बसायचे. दत्ताचं शेवटचं बोलणं त्यांनीच ऐकलं होतं. आम्ही आक्कांना घेऊन त्यांच्या घरी गेलो. साहेबांनी रेकॉर्डर सुरू केला. आक्कांनी माझा हात घट्ट धरला होता.

काका खाली बघत म्हणाले, "लय साधं व्हतं आक्का, म्हनून कवा कुनाला सांगितलं न्हाई. इंग्रजीतलं सगळं झालं आन् मराठीत म्हनला, माझं जेवन झाकून ठेव रं, आलोच."

साहेबांनी चष्मा काढला. माझेही डोळे भरून आले.

"ठेवलंस?" आक्कांनी विचारलं.

"व्हय. दोन दिस."

"भाजी कसली व्हती?"

"वांग्याची."

आक्कांनी पदराने डोळे पुसले.

"मंग कशाला येतोय त्यो! वांगं केल्यावर घरीबी कवा जेवायला आला न्हाई."