इनासचा डॅनिश आजा

मस्कतमध्ये गाड्यांच्या विम्याचा सर्व्हेअर म्हणून नोकरी केली की किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. ते ठोकलेल्या बंपरसकट दारात येऊन उभे राहतात. प्रत्येकाच्या गाडीला उंटच आडवा आलेला असतो आणि उंट कधी साक्षीला सापडत नाही. त्यामुळे ऐकलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायची माझी सवय केव्हाच सुटली. बायको म्हणते, तुम्ही देवळातली घंटासुद्धा वाजवायच्या आधी खालून वाकून बघता. असेल. पण मस्कतजवळ सीबला आमचा जो शुक्रवारच्या सुट्टीचा अड्डा जमायचा, त्यात मी सगळ्यात जास्त संशय घेतला तो इनासवर.

*

इनास वसईचा, एका हॉटेलात एसी मेंटेनन्सचा सुपरवायझर. डोळे घारे, कान मोठाले. एका शुक्रवारी बिर्याणी खाता खाता म्हणाला, माझ्या आईचे वडील डेन्मार्कचे होते.

म्हणे मुंबईतल्या कुठल्याशा कारखान्यात मशीन बसवायला आले, वसईच्या मुलीशी लग्न केलं आणि चक्क घरजावई होऊन राहिले. नाव पीटर जेन्सन. महायुद्ध संपल्यावर आईवडिलांना भेटून येतो म्हणून निघाले ते परत आलेच नाहीत. गाव म्हणे, गोरा पळाला. आजी म्हणे, जहाज बुडालं. इनासची आई त्या वेळी सात-आठ वर्षांची. आता ती ऐंशीला टेकली होती आणि डोळे मिटायच्या आत बाप बुडाला की पळाला, एवढं तिला कळायला हवं होतं. म्हणून इनास आजा शोधायला निघाला होता.

आमच्यातला तिसरा सावंत, मालवणचा. मवालेहच्या बाजारातून भाजी उचलून दुकानांना पुरवायचा. त्याने मला गॅलरीत नेलं आणि हळूच विचारलं, "पासपोर्ट नको तर आजो कित्याक सोधता ह्यो?"

गोव्याच्या लोकांनी पोर्तुगालचे कागद काढलेले आम्ही बघत होतोच. मलाही ते पटलं. शिवाय क्लेम कच्चा असला की लोक हटकून आईला मध्ये आणतात, हा माझा रोजचा अनुभव.

*

मग एकदा इनासच्या हॉटेलात डेन्मार्कचा पाहुणा उतरला. त्याच्या खोलीचा एसी ठणठणीत होता, तरी इनास स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर. परमुलखात गाववाला भेटला की आपण विचारतो ना, कुठल्या आळीतले, अमक्याला ओळखत असाल, तसं याने विचारलं, पीटर जेन्सनना ओळखता का?

पाहुणा म्हणाला, ओळखतो की, चौघांना. त्यातला एक माझा डेंटिस्ट.

इनासने पुढे विचारलं, त्यांच्यापैकी कुणाचा आजा इंडियात बायको सोडून आला होता का? पाहुण्याने तडक रिसेप्शनला फोन लावला की तुमचा एसीवाला माझ्या दातांच्या डॉक्टरची चौकशी करतोय. मॅनेजरने इनासला मेमो दिला. शुक्रवारी आला तो आनंदातच, म्हणाला, "चार तर तिथल्या तिथे सापडले!"

*

त्यानंतर थुंकीची टेस्ट निघाली. नळीत थुंकायचं, नळी परदेशी पाठवायची, की तुमचं रक्त कुठल्या कुठल्या मुलखातलं ते कळतं म्हणे. लोक पैसे देऊन थुंकतात, हे ऐकूनच मला पहिली शंका आली.

नळी पाठवायला मी इनासबरोबर कुरियरच्या ऑफिसात गेलो. खिडकीवरच्या पोराने विचारलं, आत काय? इनास खरं बोलला. पोराने उठून आतून साहेबाला बोलावलं. साहेब ओमानी, अंगात पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, आवाज एकदम शांत. त्याने नळी उजेडात धरली आणि विचारलं, हे कशाला? इनास म्हणाला, आजोबा शोधायला.

साहेबाने स्वतःचं नाव सांगितलं. मग वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं, बिन अमुक बिन तमुक करत एका दमात तो निझवाच्या कुठल्या तरी जुन्या मळ्यापर्यंत जाऊन पोचला. मग इनासकडे अशा दयेने पाहिलं की मलाच कसंतरी झालं. "मिस्कीन," म्हणजे बिचारा, असं तो म्हणाला आणि शिक्का मारून दिला.

*

रिपोर्ट आला. इनासचं पाव रक्त तिकडचं निघालं. सावंत म्हणाला, पाव तर भाजीवालाही वजनात मारतो, एवढ्यावर काय ठरवायचं? मीही म्हटलं, फोटोशिवाय क्लेम पास होत नाही.

महिन्याभराने फोटोही आला. त्याच थुंकीवरून तिकडचा एकजण जुळला होता आणि त्याच्या आईचे वडील पीटर जेन्सन, तरुणपणी इंडियात होते. म्हणजे नात्याने इनासचा मावसभाऊच. जहाज बुडालं नव्हतं. आजा सुखरूप पोचला होता, तिथे दुसरं लग्न केलं होतं आणि चांगला म्हातारा होऊन गेला होता.

फोटोत बागेत जेवण चाललेलं. सगळी गोरी माणसं टेबलाभोवती खुर्च्यांवर. एकटा म्हातारा खाली हिरवळीवर मांडी घालून, ताट पुढ्यात घेऊन, हाताने जेवत होता. मोठाले कान तेच. मावसभावाने लिहिलं होतं, आजोबा असेच बसायचे, का ते आम्हाला कधी कळलं नाही.

मी फोटो खूप वेळ पाहिला. खोट काढायला काही सापडेना. त्या माणसाचा राग आला, आणि फोटो खालीही ठेववेना. सावंतानेही त्या दिवशी पासपोर्टचं नाव काढलं नाही.

*

आता आईला काय सांगायचं? इनास माझ्याकडे आला. म्हणाला, "तू रोज खोटं पकडतोस. पकडलं जाणार नाही असं एक मला दे."

असं काम माझ्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. मी त्याला सांगितलं, खोटं बोलणारा फार बोलतो. वादळ किती मोठं, वारा कुठून, बंदर कुठलं, असलं काही लावू नकोस. दोन वाक्यं बोल आणि खलास. त्याने माझ्यासमोर चार वेळा म्हणून दाखवलं. पहिल्या तीन वेळा डोळे खाली जात होते. मी म्हटलं, फोनवर डोळे दिसत नाहीत, लाव.

शुक्रवारी दुपारी माझ्याच घरून वसईला फोन लावला. स्पीकर चालू. सावंत दाराशी उभा, बायको स्वयंपाकघरातून येऊन बसली.

इनास म्हणाला, "आई, लागला शोध. जहाज बुडालं होतं, तुझा बाप त्यातच गेला."

आवाज एकदम सरळ. मी असतो तर क्लेम तिथल्या तिथे पास केला असता.

पलीकडून म्हातारी म्हणाली, "बरं झालं बाबा, शोधलंस. जेवलास का?"

जेवलो म्हणाला. ती म्हणाली, तब्येतीला जप. आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. इनास फोन ठेवायला वाकला.

"इनास," ती म्हणाली, "आणि तिकडे त्याला पोरं किती झाली?"