पिशव्या कुणी सांभाळायच्या

डोळा लागतोय आणि लागतही नाही, अशा अवस्थेत सरोज निकम घाटाच्या ओवरीत आडवी झाली आहे. पाठीखाली ऊन खाल्लेला दगड, पोटात गावातल्या बायकांनी आग्रह करकरून वाढलेली झुणका-भाकरी आणि उशाशी साऱ्या जणींच्या पिशव्या. सकाळपासून कृष्णेच्या काठाकाठानं चालून पाय असे ठणकताहेत की ते आपले नव्हेतच, कुणाचे तरी उसने आणलेत, असं तिला वाटतं. खालच्या पायरीवर हेमलता घाडगे कुणावर तरी डाफरते आहे, "नारळाची शेंडी नका गं काढू, ओटीचा आहे तो!"

साताऱ्याच्या या बायका दर माघात नदीकाठानं तीन दिवस चालतात. उसाच्या बांधावरून, जुन्या पेठांमधून, मिळेल त्या देवळात मुक्काम करत. शेवटच्या दिवशी कसबे पिंपळघाटला पोचायचं आणि कृष्णामाईची ओटी भरायची, हा नेम. सरोज त्यांच्याबरोबर कितीतरी वर्षं चालली. पण नवरा गेल्यावर ती पहिल्यांदाच आली आहे, आणि आज सकाळी चहा घेताना ओटीचा विषय निघाला तेव्हा सगळ्या एकदम आपापल्या कपात बघायला लागल्या. विधवेनं ओटी भरायची नसते, हे कुणी बोललं नाही. बोलावं लागलंच नाही. सरोजच हसून म्हणाली, "तुम्ही भरा गं ओटी, मी पिशव्या सांभाळते." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हेमलता तर म्हणाली, "किती समजूतदार आहात हो तुम्ही!" तो शब्द तेव्हापासून सरोजच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून बसला आहे. गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही.

"सरू, ऊठ. कोंबडी अंड्यावर बसल्यागत पिशव्यांवर काय बसलीस?"

आवाज वेणूअक्काचा आहे. सरोजची थोरली नणंद. लग्नानंतर दोन वर्षांत कुंकू पुसून माहेरी परतलेली आणि पुढं सगळा जन्म भावाच्या घरात ताठ मानेनं काढलेली. अक्का वारली आहे हे सरोजला पक्कं ठाऊक आहे. पण समोर उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही वारलात असं कसं म्हणायचं? बरं दिसत नाही ते. म्हणून ती निमूट उठते आणि चालू लागते.

डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला ऊस, मधून पाऊलभर वाट. शेवटी शेवटी काठी टेकल्याशिवाय उंबरा न ओलांडणारी अक्का आता पुढं अशी झपाझप चालली आहे की सरोजला धाप लागते. अक्काच्या खांद्यांवर पिशव्या, गळ्यात पिशव्या, दोन्ही कोपरांत पिशव्या. कापडी, वायरच्या, बंद तुटून गाठ मारलेल्या. दर वर्षी घाटावर बसून अक्का ज्या राखायची, त्या सगळ्या.

"अक्का, द्या ना एखादी माझ्याकडं."

"कशाला? तुझ्या तुला हायत की तिकडं."

"त्या मी आपणहून घेतल्यात."

"व्हय तर! मी बी आपनहूनच घ्यायची. कुनी म्हनायच्या आदी म्हनायची, जावा गं बायांनो, मी बसते हितं. कशापायी, म्हाईत हाय?"

"कुणी म्हणू नये म्हणून."

"म्हंजी त्यांच्या तोंडातलं आपल्या तोंडानं बोलायचं आन् वर मान ताठ ठिवायची. लई मोठा पराक्रम वाटायचा मला त्यो."

ऊस संपलेला नाही, तरी त्या दोघी आता पेठेत आहेत. दोन्ही अंगांना लाकडी सज्जे, कोरीव खांब, फळ्या लावून बंद केलेली दुकानं आणि रस्त्याच्या मधोमध घोट्याएवढी नदी. भर बाजारातून वाहते आहे आणि कुणी निऱ्यासुद्धा उचलत नाही. तांब्याच्या घागरी ठोकणारा एक म्हातारा पाण्यातच मांडी घालून बसला आहे. सरोजला त्यात काही वावगं दिसत नाही. तिला वावगं दिसतं ते वेगळंच.

"हे सगळं मी तुमच्याकडूनच शिकले, अक्का."

अक्का थांबते. वळून बघते. सरोजच्या नवऱ्यानं, दिनकरनं, लहानपणी तिची पाटी फोडली होती तेव्हा म्हणे तिनं असंच बघितलं होतं.

"माझ्याकडनं?"

"तुम्ही कधी तोंड वाकडं केलं नाहीत. मला वाटलं, असंच करायचं असतं."

"आसं व्हय." अक्का खाली पाण्याकडं बघते. "मग चुकलंच माझं. चुलीत गेला त्यो पराक्रम. आगं, ह्याच पान्यात आमच्या आबानं जन्मभर म्हशी धुतल्या. म्हशीला कवा इच्यारलं न्हाई नदीनं, सवाष्न हायस का म्हनून!"

सरोजला हसू फुटतं. तोंडावर पदर धरून हसावं असं नाही, चांगलं खदखदून, भर पेठेत. आणि हसता हसता बघते तर पेठ नाही, घाट आहे. तोच, पिंपळघाटचा. पण एकही माणूस नाही. अक्का शेवटच्या पायरीवर उभी राहून एकेक पिशवी उतरवते आणि नदीत भिरकावते.

"अहो अक्का! हेमाताईंचा चष्मा असेल त्यात!"

"आसू दे. माशास्नी वाचायला व्हईल."

पिशव्या बुडत नाहीत. एकीमागं एक, शाळेतल्या पोरींसारख्या रांगेनं, खालच्या अंगाला निघून जातात. अक्का दोन्ही खांदे झटकते. मोकळी दिसते. सरोजनं तिला इतकं मोकळं जन्मात पाहिलेलं नाही, आणि त्याचा तिला विलक्षण राग येतो. अक्काचा नव्हे. इतकी वर्षं ही बाई घाटावर बसून राहिली आणि इतक्या जणी ओल्या पदरांनी वर येऊन तिच्या हातून आपापल्या पिशव्या घेऊन गेल्या, त्याचा.

घाटाच्या पायऱ्या संपतात तिथं पाणी असायला हवं. तिथं हरभऱ्याचं रान आहे, गुडघ्याएवढं, घाट्यांनी लगडलेलं. नदी त्याच्या पलीकडून जाते. अक्का वाफ्यात बसते आणि मुठीमुठीनं घाटे ओरबाडायला लागते.

"काढ की. बघतीस काय?"

"दुसऱ्याच्या रानातलं?"

"मेलेल्या बाईला कोन चोर म्हनतंय?"

म्हणजे अक्कालाही ठाऊक आहे तर. सरोजला बरं वाटतं. निदान ते तरी सांगावं लागलं नाही. ती खाली बसून घाटे तोडू लागते. पाला दमट आहे, बोटं चिकट होतात, नखांच्या कडा चुरचुरतात. दोघींचे पदर भरतात. मग दोघी पाण्याशी जातात. अक्का वाकते आणि पदर रिता करते. घाटे पाण्यावर पडतच नाहीत. पुन्हा पदरातच येतात. अक्का आणखी एकदा रिता करते. पुन्हा तेच.

"आता न्हाई पोचत बघ माझं," अक्का म्हणते. अगदी सहज. भाजीला मीठ कमी पडलं असं सांगावं तसं.

सरोजचे डोळे भरून येतात.

"ए, रडू नगंस. राग आलाय न्हवं? मग त्यो धरून ठेव. रडलीस की लगेच समजूतदार म्हनत्यात." आणि अक्का आपला सगळा पदर सरोजच्या पदरात उलटा करते. वजन एवढं की सरोज पुढं झुकते. "माझी बी तूच भर."

"अक्का, पण मी..."

"सरोजताई! आम्ही उतरतोय हं. पिशव्यांकडं बघताय ना?"

हेमलता घाडगे ओवरीच्या तोंडाशी उभी आहे. हातात सूप, सुपात खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू. मागं बाकीच्या सगळ्या जणी, केस सारखे करून, पदर खोचून. ऊन अजून पायरीवरच आहे. सरोज उठून बसते. तिच्या पदरात काहीच नाही. चेहऱ्यावरून हात फिरवावा म्हणून उचलते तर बोटं एकमेकांना चिकटतात. ती एक बोट जिभेला लावते. आंबट. हरभऱ्याची आंब. गेले तीन दिवस नदीच्या काठाला उसाशिवाय हिरवं पानही तिनं पाहिलेलं नाही.

ती उभी राहते. गुडघे कुरकुरतात, त्यांना कुरकुरू देते.

"पिशव्या देवळात ठेवू आणि कडी घालू," ती म्हणते. "मलाही ओटी भरायचीय."

सगळ्या जणी थबकतात. कुणी बांगड्या मागं सारते, कुणी नदीकडं बघते.

"तसं नाही हो सरोजताई," हेमलता म्हणते. "पण..."

"पण काय?"

सरोज तिच्याकडं बघत उभी राहते. ती हसत नाही. तिला सोडवायला पुढं होत नाही. शब्द हेमलताचा आहे, तो हेमलतानंच काढायचा आहे.

"म्हणा ना, हेमाताई. मी ऐकतेय."

हेमलताचं तोंड उघडतं आणि मिटतं. ती मागं वळून बाकीच्यांकडं बघते. त्यांच्यातली एकही पुढं येत नाही. खाली घाटावर कुणाचं तरी धुणं आपटल्याचा आवाज तेवढा येत राहतो. पण काय, ते कुणाच्याच तोंडून बाहेर पडत नाही.

मग सरोज स्वतःच पुढं होऊन हेमलताच्या हातातलं सूप घेते आणि पायऱ्या उतरू लागते. पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहून ती हळद-कुंकू वाहते, चिकट बोटांनी तांदळाची ओंजळ भरते आणि सोडते. मग पुन्हा ओंजळ भरते.

"दोनदा?" मागून कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं.

"ती माझी झाली," सरोज वळूनही न बघता म्हणते. "ही वेणूअक्काची."