बारा किलो

माझं वजन हा आमच्या घरात कायम थट्टेचा विषय. मी साताऱ्यात शाळेत शिकवते आणि पोरांनी मला काय काय नावं ठेवलीत ती सगळी मला पाठ आहेत. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. खात्यापित्या घरची बाई, दिसणारच अशी, असं म्हणायचं आणि फळ्याकडे वळायचं. पण भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या, माझ्या तपासण्या झाल्या आणि सांगलीच्या डॉक्टरांनी माझ्या वजनाच्या आकड्याभोवती पेनानं गोल केला, तिथून ही थट्टा संपली.

भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. आम्ही मूळचे कवठे महांकाळकडचे, तो पुढे सांगलीत स्थायिक झालेला. कुपवाडला त्याचं छोटं वर्कशॉप होतं, दोन लेथ मशिनं आणि तीन माणसं. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस आणि उरलेले दिवस अंथरूण. आई-वडील गेलेले. भावजयीचा रक्तगट जुळला नाही, माझा जुळला. मी लगेच म्हटलं, माझी किडनी घ्या. डॉक्टर म्हणाले, "वजन चौऱ्याऐंशी, साखर काठावर. असं असताना तुमचं ऑपरेशन करायला कुणी धजणार नाही. बारा किलो उतरवा, बहात्तरवर या, मग मी पुण्याला चिठ्ठी देतो."

"एवढंच ना? होईल की," मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

साताऱ्यात आहार सांगणाऱ्या एक बाई आहेत, वयानं माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांनी माझ्या दोन भाकऱ्यांची एक केली, भात बंद, चहातली साखर बंद, शेंगदाण्याची चटणी चमचाभर. आणि रोज तासभर चालायचं. मी पहाटे गावाजवळच्या चार भिंती नावाच्या टेकडीकडे निघायची. पहिल्या आठवड्यात अर्ध्या वाटेतच दगडावर बसून धापा टाकल्या. म्हाताऱ्या आज्ज्या मला मागे टाकून जायच्या आणि वर विचारायच्या, "काय बाई, बरं वाटंना व्हय?" असा राग यायचा! पण त्या रागानंच मी वर पोचले आणि दोन महिन्यांत अजिंक्यतारा चढायला लागले. मोबाईलवर पावलं मोजली जायची, तो आकडा रोज भावाला पाठवायचा. त्याचं उत्तर ठरलेलं, "शाब्बास आक्का. वाघीण हाईस."

तीन महिन्यांत सहा किलो उतरले. ब्लाउज ढगळ झाले, शाळेत बायका काय करता म्हणून विचारायला लागल्या. मी तर नाचायचीच बाकी होते. निम्मं काम झालं होतं.

आणि मग काटा तिथंच अडकला.

अडकला कशामुळे ते मला ठाऊक होतं. रविवारमुळे. एक रविवार सोडून एक रविवार मी सकाळच्या एसटीनं सांगलीला जायची. पूर्वी गेले की भाऊ झोपलेला असायचा, भावजय चहा टाकायची, एवढंच. हळूहळू तिथं माझ्यासाठी ताट वाढलं जायला लागलं. आणि ताट कसलं! मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी, वर तेलात परतलेला खरडा. नाहीतर मग पुरणपोळी, तीही दूध-तुपात बुडालेली. भाऊ समोर कॉटवर उशीला टेकून बसायचा. त्याच्या हाताशी पाण्याची लहान बाटली, दिवसभराचं पाणी तेवढंच. त्याला मीठ नाही, केळं नाही, डाळ नाही, शेंगदाणा नाही. जे जे त्याला लहानपणापासून आवडतं ते सगळं बंद.

"अरे, मला हे चालत नाही. तुला माहीत नाही का?" मी म्हणायची.

"तू खा गं. तू खाल्लंस की माझ्या जिभंला चव येती."

"आणि माझं वजन?"

"एका दिवसानं काय हुतंय? उद्या गड दोनदा चढ. तूच म्हणतीस न्हवं?"

हो, मीच म्हणायची. माझा हिशेब असा होता की गड चढून आलं की पोळी माफ. आहारवाल्या बाईंनी मला दोनदा समजावलं, "मॅडम, एवढ्या जेवणाला एक गड पुरत नाही. चालणं आणि खाणं एकमेकांना असं कापत नाहीत." मी त्यांच्यावरच उखडले, "आधी तुम्ही चढून बघा, मग सांगा." सोमवारी मी खरोखर गड दोनदा चढायची, मंगळवारी गुडघे धरून बसायची, बुधवारी चालणं चुकायचं. पंधरा दिवसांत गमावलेलं त्या एका रविवारी परत अंगावर यायचं.

एकदा मी ठाम राहिले. ताट सरकवलं आणि म्हटलं, फक्त ताक दे. भावानं काही वाद घातला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. भावजय दारात उभी, तिच्या हातात पोळीचं ताट तसंच. अर्ध्या तासानं मीच म्हटलं, "बरं बाबा, आण." तो उठून बसला आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा मला वाटलं, आजारी माणूस आहे, त्याला एवढं एकच सुख उरलंय, ते तरी कशाला हिरावून घ्यायचं?

पण खरं सांगायला बसले आहे तर सगळंच सांगते. वजनकाट्यावर उभी राहिले आणि आकडा हलला नाही की मला वाईट वाटायचं. मात्र त्याच्या आधी, अगदी क्षणभर, बरं वाटायचं. सुटल्यासारखं वाटायचं. मला ऑपरेशनची भीती वाटत होती. टेबलावर आडवं व्हायची, कूस चिरून घ्यायची, एका किडनीवर उरलेलं आयुष्य काढायची. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. जी बाई घरभर ओरडत फिरते तिनं भ्यायचं असतं होय? मग मी स्वतःवर चिडायची आणि जास्त जोरात चालायची. आणि पुढच्या रविवारी पुन्हा जेवायची.

भाऊबीजेला मी शहात्तरवर होते. डॉक्टरांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "चांगलं आहे, चारच राहिले, आता हयगय करू नका." ओवाळताना मी भावाला म्हणाले, "संक्रांतीपर्यंत थांब. तुला तिळगुळाबरोबर किडनी देते." तो खूप हसला. हसताना त्याला धाप लागली. सुजलेल्या हातानं त्यानं माझ्या ताटात करंजी ठेवली, मी ती खाल्ली, आणखी एक ठेवली, तीही खाल्ली.

संक्रांतीच्या आधीच त्याला ताप आला. छातीत कफ झाला, दवाखान्यात नेला, चार दिवस आत ठेवला. मी पोचले तेव्हा काचेतून दिसला. पाचव्या दिवशी सकाळी गेला. एकेचाळीस वर्षांचा होता.

त्यानंतर माझं जेवणच तुटलं. पानावर बसायची, दोन घास खाऊन उठायची. पहाटे मात्र आपोआप जाग यायची आणि पाय गडाकडे चालायला लागायचे. कशासाठी चालतेय ते मला सांगता आलं नसतं. आमचे हे काळजीनं म्हणायचे, "अगं, आता पुरे." दोन महिन्यांनी शाळेत सगळ्या शिक्षकांची आरोग्य तपासणी होती. मी काट्यावर उभी राहिले. एकाहत्तर. तपासणारी मुलगी कौतुकानं म्हणाली, "मॅडम, छान मेंटेन केलंय." मी बाथरूममध्ये जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

त्याच आठवड्यात मी सांगलीला गेले. भावजय एकटीच होती. कॉट उचलून ठेवलेली, तिथली फरशी वेगळ्या रंगाची दिसत होती. तिनं सवयीनं पान वाढायला घेतलं आणि माझा बांध फुटला.

"मला वाढू नकोस गं. मीच खाल्लं त्याला. दर रविवारी इथं बसून खाल्लं. जिभेवर ताबा ठेवला असता तर दिवाळीतच बहात्तरवर आले असते. आज तो इथं असता."

ती पळी हातात धरून उभी राहिली. मग खाली बसली.

"आवं वन्सं, तुमी न्हाई. ह्यांनीच केलं त्ये."

"काय केलं?"

"दर येळला मला आदल्या दिवशी सांगायचे, उद्या आक्का येणार, ह्ये कर, त्ये कर. तूप जास्ती घाल. मी म्हनायची, आवं, त्यांचं वजन उतराया पायजे न्हवं? तर माझ्यावरच वरडायचे. म्हनायचे, उतरू द्यायचं न्हाई. आक्का भ्याली हाय."

"डॉक्टर ऑपरेशनचं समजावून सांगत हुते, तवा तुमी ह्यांचा हात धरला हुता. घरी आल्यावर म्हनले, आक्काचा हात गार पडला हुता. ती भ्याली हाय, पर ती कवाच न्हाई म्हननार न्हाई. मग तिला न्हाई म्हनाया लागू नये असं आपनच करायचं. मला शपथ घातली हुती, सांगायचं न्हाई म्हनून. पर तुमी असं सवताला खाताय, मला बघवंना."

ती डोळे पुसायला लागली. किती दिवस तिनं एकटीनं हे पोटात ठेवलं असेल! नवऱ्याचा जीव जाताना दिसत होता आणि ती त्याच्या सांगण्यावरून माझ्या पोळीवर तूप सोडत होती. मला तिची कीव यायला हवी होती. मला राग आला.

"खोटं आहे," मी म्हणाले. "मी नव्हते भ्याले."

"व्हय," ती हळूच म्हणाली, आणि तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले आणि कराड येईपर्यंत मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. लहानपणापासून असाच. दुसऱ्याचं परस्पर ठरवून मोकळा. भ्याले होते, हो. हात गार पडला होता. काटा हलला नाही की बरं वाटायचं, तेही खरं. हे सगळं तुला दिसलं, मग एकदा तोंडानं विचारायला काय झालं होतं? तरीही मी दिली असती. आता म्हणायला काय जातंय, असं कुणी म्हणेल, म्हणू दे. रडत दिली असती, ओरडत दिली असती, तुला शिव्या घालत दिली असती. भिणाऱ्या माणसाची किडनी चालत नाही का रे?